टॉवरवाल्या काकू

काकूंशी माझं पहिलं बोलणं खोली भाड्यानं घेण्याबद्दल झालं आणि ते अर्ध्यातच तुटलं. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात मला फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली होती. नाशिकहून एकटीच आले होते. कुणीतरी सांगितलं की हवाई दलाच्या तळामागच्या वस्तीत वरच्या मजल्यावरची एक खोली रिकामी आहे, म्हणून पाहायला गेले. काकू ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. अंगात फुलाफुलांचा गाऊन, त्यावर पदरासारखा घेतलेला टॉवेल. मी पाण्याचं विचारलं.

"पान्याची काई चिंता नाई. नळ येते सकाळी, आनि बोरिंगचं..." एवढं म्हणून त्यांनी ट्रॅफिक पोलिसासारखा पंजा माझ्या तोंडासमोर धरला, सूप बाजूला ठेवलं आणि जिन्याकडे धावल्या. मला वाटलं, वर काहीतरी जळतंय. मी पण मागे धावले. गच्चीवर पोचेपर्यंत मला कसलाही आवाज आला नव्हता. मग पश्चिमेकडून एक घरघर सुरू झाली, वाढत गेली आणि दोन पंख्यांचं एक करड्या रंगाचं विमान आमच्या डोक्यावरून इतक्या खालून गेलं की मी खाली बसले. काकू उभ्याच होत्या. डोळ्यांवर काळा, मोठ्या काचांचा चष्मा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो. काकांना मिळालेला तो चष्मा त्यांनी विमानांसाठी ठेवून घेतला होता. विमान तळाच्या भिंतीपलीकडे टेकलं.

"बरं ठेवलं," त्या म्हणाल्या. चष्मा काढून टॉवेलात गुंडाळला आणि माझ्याकडे वळल्या, "बोरिंगचं पानी भांड्यायले. पेवाले नळाचं. समजलं ना?"

मी त्या घरात पाच-सहा वर्षं राहिले आणि अर्ध्यातून तुटणारी वाक्यं मलाही सवयीची झाली. आमच्या गल्लीत सगळेच असे बोलत. विमान आलं की थांबायचं, गेलं की पुढचा शब्द. पण बाकीचे आवाजामुळे थांबत, काकू आवाजाच्या आधी. विमानतळावरच्या कंट्रोल टॉवरवरून वस्तीत त्यांना टॉवरवाल्या काकू म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं. मला वाटतं, आवडतही होतं.

विमानांची नावं त्यांना येत नसत. मोठी, पंख्याची आणि बारकी अशा तीन जाती त्यांनी केल्या होत्या. हेलिकॉप्टरला त्या विमान मानत नसत. "ते काय, मिक्सर," म्हणत आणि वर जायच्या नाहीत. एकदा जावयानं मोबाइल दाखवला. कुठलं विमान कुठून कुठे चाललंय ते त्यात दिसतं, म्हणे. काकूंनी वर बोट केलं. पंख्याचं एक जात होतं. जावयानं फोन हलवून पाहिला. सैन्याची विमानं त्यात दिसत नाहीत, हे त्याला तेव्हा कळलं.

"तुमच्या फोनात नाई तं काय झालं," काकू म्हणाल्या, "मले दिसून राहिलं ना."

विमानाला त्या जनावरासारखे अवयव लावत. चाकांना पाय म्हणत. उतरणाऱ्या विमानानं आमच्या पाण्याच्या टाकीपर्यंत येईतो पाय काढलेले असले पाहिजेत, असा त्यांचा दंडक होता. एका सकाळी एक बारकं आलं ते पाय पोटाशी घेऊनच. काकूंनी जी बोंब ठोकली ती मी आंघोळ करत होते तिथंवर आली. "पाय! पाय काढ ना बाप्पा! अवं माय, पाय काढले नाई त्यानं!" खालून काका दाढीचा साबण तोंडावर घेऊनच वर आले. विमानाला उतरायचंच नव्हतं. ते तळावरून खालून गेलं, वर चढलं, मोठा वळसा घेऊन पुन्हा आलं, आणि यावेळी चाकं बाहेर होती.

"आइकलं त्यानं," काकू म्हणाल्या.

काका म्हणाले, "हो. आता मी दाढी करू?"

काका पाटबंधारे खात्यात कारकून होते, तेव्हा निवृत्त झालेले. मी पाहिलेल्या माणसांत सगळ्यात कमी बोलणारा माणूस. त्यांचे एकंदर चार-पाच विनोद होते आणि सगळे काकूंवर. "हिचं लगन माह्याशी नाई झालं, भिंतीपलीकडं झालं," हा त्यातला मुख्य. काकू ते ऐकून खूश होत. वस्ती विमानांच्या वाटेखाली, म्हणून प्लॉट परवडला होता. त्या वेळी आजूबाजूला नुसती तुरीची शेतं होती. काकांना आवाजाचा काही त्रास नव्हता. ते छताखाली झोपलेले असताना वरून अख्खं विमान गेलं तरी कूस बदलत नसत.

काकू नागपूरजवळच्या कुहीकडच्या, सासर-माहेर दोन्ही तिकडचंच. माहेरी धानाचं शेत, आणि धान भरायला लागलं की पाखरं हाकलायचं काम घरातल्या पोरींकडे. मचाणावर बसायचं, गोफण फिरवायची आणि आरोळी द्यायची. "दिवसभर वरतं पाहून पाहून मान अशीच झाली," असं त्या हनुवटी उचलून दाखवत. लग्न होऊन नागपूरला आल्या तेव्हा हाकलायला काही नव्हतं. सकाळचा स्वयंपाक झाला की दिवस संपत नसे. मग त्यांनी विमानं पाहायला सुरुवात केली. हे कारण त्यांनीच मला दिलं आणि मी ते पुरेसं मानलं.

पण नुसतं पाहणं ही एक गोष्ट आणि त्यासाठी सगळ्या वस्तीशी भांडण मांडणं ही दुसरी. ते भांडण माझ्या येण्याच्या बरंच आधी सुरू झालं होतं. त्याची गोष्ट काकूंनी मला एकदाच सांगितली. मी वरणभात उरला म्हणून ताट घेऊन मागच्या मोकळ्या प्लॉटकडे निघाले होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि पायरीवर बसवलं.

गल्लीत एक लग्न झालं होतं. उरलेलं सगळं, भात, भाजी, बुंदी, त्या प्लॉटवर ओतलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं घारीच घारी. काकू गच्चीवर होत्या. पंख्याचं विमान तळावरून उठलं आणि वस्तीवर आलं. त्याच्या आवाजानं घारी एकदम वर उठल्या. "फट् असा आवाज आला पोरी. एवढासाच. फुगा फुटल्यावानी." एका बाजूच्या पंख्यातून धूर निघाला. विमान एका अंगाला कललं, सरळ झालं, आणि वळून, हळूहळू, अगदी हळूहळू परत आलं. उतरेपर्यंत काकूंनी कठडा धरून ठेवला होता. कुणाला काही झालं नाही. दुपारी तळावरची एक जीप आली. त्यांनी प्लॉट पाहिला, गल्लीतल्या लोकांना समजावून सांगितलं, आणि गेले. लोकांनी आठवडाभर चर्चा केली आणि विसरले.

"माह्याच घरचा भात होता त्यात," काकू म्हणाल्या. "सांजच्याले मीच टाकून आलती. सगळ्यायचा होता, पन माहाही होता ना. आत किती मानसं असतीन? त्यायच्याही घरी कोनी भात टाकून वाट पाहात असन."

त्या दिवसापासून काकूंनी वस्तीचं उष्टंखरकटं आपल्या ताब्यात घेतलं. कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याशी त्यांचं वर्षभर युद्ध चाललं. तो पिसं आणि आतडी नाल्यात टाकायचा. काकू रोज सकाळी त्याच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसायच्या. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या गिऱ्हाइकांकडे पाहायच्या. शेवटी त्यानं झाकणाचा ड्रम आणला. मग त्याच काकू, ज्या माळकरी घरातल्या आणि मांस न खाणाऱ्या, भेटेल त्याला सांगायच्या की चिकन घ्यावं तर त्याच्याकडून. मंगल कार्यालयाच्या आचाऱ्याला त्या लग्नाच्या आदल्या दिवशी भेटून यायच्या. कचऱ्याची गाडी आली नाही तर काका त्यांच्या हुकमावरून ओला कचरा स्कूटरवर लांब नेऊन टाकून यायचे. संक्रांतीला तर नागपुरात आभाळ पतंगांनी भरतं. आमच्या गल्लीतही भरायचं, पण काकूंनी गच्चीवरून "उतरवा!" अशी आरोळी दिली की सगळे पतंग खाली यायचे. मोठमोठे बापेलोक मांजा गुंडाळत उभे राहायचे, विमान जायचं, आणि पतंग परत चढायचे. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ते पाहून वेड लागायचं.

"तुमचं ऐकतात कसे हो सगळे?" मी विचारलं.

"आइकत नाई. भेतात. मी घरी जाऊन बसते ना त्यायच्या."

मुलगी-जावयानं एकदा त्यांना तिरुपतीला विमानानं न्यायचं ठरवलं. काकू कधीच विमानात बसल्या नव्हत्या. सगळ्यांना वाटलं, आनंदानं उडी मारतील. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं की रेल्वेनं येते.

"काहून वं आई?" मुलगी चिडली. "जिंदगीभर विमानच पाहून राहिली ना तू!"

"मी वरतं बसली तं खालून कोन पाहीन?" काकू म्हणाल्या. त्या गंमत करत नव्हत्या.

सीमेवर तणाव होता त्या दिवसांचं सांगायला हवं. गल्लीतले सगळे फोनवर युद्ध लढत होते. कोण कुठे घुसणार, कोणाला किती तासांत संपवणार. तळावरची ये-जा वाढली होती. काकू गच्चीवरून उतरतच नसत. जेवण मी वर नेऊन द्यायचे. एरवी त्या प्रत्येक विमानाला शेरा मारत. "फुलावानी ठेवलं", "आपटलं", "आज कोन बसवला होता बाप्पा, सगळं कनकन करून राहिलं." त्या दिवसांत त्यांनी एकाही उतरण्याला नाव ठेवलं नाही. कितीही धपकन आलं तरी म्हणायच्या, "आलं ना. झालं." शेजारचे एक गृहस्थ गच्चीवरूनच ओरडले, "काय काकू, निघून राहिली ना आपली पोरं, आता दाखवतीन त्यायले!" काकूंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "तुमचं कोन हाये गा त्यात?" त्यांनी मान हलवली, कोणी नाही. "माहंही कोनी नाई," काकू म्हणाल्या, "म्हनूनच मी चूप हावो."

काका गेले ते माझ्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी. उन्हाळ्यात, दुपारी, कूलरसमोर झोपले आणि उठले नाहीत. त्यांच्या स्वभावाला धरूनच गेले. काकू फार रडल्या नाहीत. पण विमान आल्यावर जिना चढताना पहिल्यांदाच त्यांनी कठडा धरलेला मी पाहिला.

भाद्रपदात पित्तर आले. कुहीहून काकूंचे मोठे दीर आले. त्यांना त्या भासरे म्हणत. उंच, ताठ शेतकरी माणूस, कानात बाळी. ते आणि काकूंची जाऊ आदल्या दिवशीच आले. आतापर्यंत या घराचे पित्तर कुहीला होत आले होते. त्या लग्नाच्या भाताच्या घटनेनंतर काकूंनी गच्चीवर कावळ्याला घास ठेवणं वस्तीभर बंद पाडलं होतं. ज्याला त्याला सांगायच्या, तलावावर जा, गावाला जा, गच्चीवर नको. कोणी ऐकत, कोणी नाही. आता काकांचं पहिलंच वर्ष.

"इथंच होईन," भासरे म्हणाले. "त्यानं हे घर बांधलं. माहा भाऊ सोताच्या घरी जेवन. गावाले कायले येईन तो?"

काकू नाही म्हणतील असं मला वाटलं. त्या उठून माजघरात गेल्या आणि काकांच्या खुर्चीवर बसून राहिल्या. थोड्या वेळानं मला हाक मारली. "चाल माह्यासंग."

"कुठे?"

"तळावर."

भर दुपारी आम्ही तळाच्या गेटवर गेलो. काकूंनी गाऊन बदलून चांगलं पातळ नेसलं होतं. पहारेकरी जवान म्हणाला की काम काय? काकूंनी सांगितलं, साहेबाला भेटायचं. कोणत्या? कोणत्याही. मला अगदी लाज वाटली. मी त्यांना परत ओढत होते, तेवढ्यात आतून एक अधिकारी मुलगी येत होती, ती थांबली. माझ्याच वयाची असेल. तिनं हिंदीत विचारलं काय झालं.

"बेटा, मेरेकू इतना बता," काकू म्हणाल्या, "कल कौनसे टाइम पे जहाज नहीं उडता?"

ती हसली नाही. "आंटीजी, वो तो मैं नहीं बता सकती. किसी को भी नहीं." मग म्हणाली, "पर आपको क्यों जानना है?"

काकूंनी सांगितलं. मिस्टरांचं पित्तर आहे. छतावर ठेवलं तर कावळे येतात, त्यांच्यामागून घारी येतात. तुमच्या जहाजाला लागलं तर? पण नाही ठेवलं तर माझा माणूस उपाशी जाईल. मागची गोष्टही सांगितली, धुराची. हे सगळं एका दमात, अर्धं हिंदीत आणि अर्धं कुहीच्या बोलीत. त्या मुलीला किती समजलं कोण जाणे.

"टाइम नहीं बता सकती, आंटीजी," ती परत म्हणाली. तिला खरोखर वाईट वाटत होतं.

"मत बता न. मैंने कहां बोला बता?" काकूंनी पदर सावरला. "तुम लोग खाना कितने बजे खाते?"

आता मात्र ती हसली. पहारेकरीही हसला. "एक बजे," ती म्हणाली. आणि निघताना तिनं वाकून काकूंच्या पायाला हात लावला. काकूंनी तिचं टोपीतलं डोकं कुरवाळलं आणि तिची टोपी तिरकी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्वयंपाक. वडे, खीर, कढी, भजी, भात, काकांना आवडायची ती कोहळ्याची भाजी. एकच्या सुमारास सगळे गच्चीवर गेलो. भासऱ्यांनी कठड्यावर पान ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. शेजारच्या आंब्यावर कावळे होतेच. बऱ्याच वर्षांत या गच्चीवर कोणी त्यांना बोलावलं नव्हतं, त्यामुळे ते लगेच येईनात. जाऊबाई पुटपुटत होत्या, "या भाऊजी, या." मग एक कावळा टाकीवर येऊन बसला. मान वाकडी करून पाहू लागला. उडी मारून कठड्यावर आला. पानापासून हातभर अंतरावर.

मी काकूंकडे पाहत होते. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला रडू यायला लागलं. आणि त्याच क्षणी त्यांची हनुवटी वर झाली. आम्हाला कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. कावळा आणखी एक पाऊल पुढे सरकला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, परत त्याच्याकडे.

"हाऽऽऽट!" मचाणावरून द्यायची ती आरोळी मी पहिल्यांदाच ऐकली. कावळा उडाला, आंब्यावरचे सगळे उडाले, पार नाल्याच्या पलीकडे गेले. काकूंनी धावत जाऊन पान उचललं, पदराखाली घेतलं आणि टाकीला टेकून खाली बसल्या. मग आवाज आला. मोठं विमान होतं. पाय काढून, सावकाश, आमच्या डोक्यावरून गेलं.

त्याचा आवाज विरल्यावर गच्चीवर जी शांतता झाली तीत कोणाला कोणाकडे पाहवेना. भासऱ्यांचा आवाज चढला. "हाकललं," ते म्हणाले. "माह्या भावाले भरल्या पानावरून हाकललं तू. कोनासाठी? ते तुले वळखत तरी हाये का?"

काकूंनी पान मांडीवर ठेवलं होतं. खीर कलंडली होती, ती त्या बोटानं नीट करत होत्या.

"नाई वळखत," त्या म्हणाल्या. "पन ते येतीन, भासरेबुवा. त्यायले सवय हाये."

"कायची सवय?"

"जिते होते तवा काय करत? विमान आलं का मी वाढनं टाकून वर पळो. पोळी तव्यावर असली तरी पळो. हे हातातला घास हातात धरून बसून राहात. मी खाली आली का मंग तोंडात घालत. एक दिवस बोलले नाई का काहून गेली म्हनून. एक दिवस माह्या आंधी जेवले नाई." त्यांनी नाक पुसलं. "थांबतीन थोडे. गेलं ना विमान आता."

काकू उठल्या, पान परत कठड्यावर ठेवलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. आम्ही थांबलो. ऊन लागत होतं, पण कोणी खाली गेलं नाही. एक कावळा नाल्याकडून आला, आंब्यावर बसला, तिथून थेट पानावर. आधी खिरीत चोच घातली.

जाऊबाईंनी मोठ्यानं हुंदका दिला. भासरे खाली बसले. बऱ्याच वेळानं ते काकूंना म्हणाले, "हो वं. लहानपनीही असाच होता तो. माय चुलीजवळून उठल्याबिगर घास घेत नोता."

खाली पंगत बसल्यावर मी काकूंना हळूच म्हटलं, "त्या मुलीनं तर एक वाजता म्हणून सांगितलं होतं."

"तिनं जेवाचा टाइम सांगतला," काकू म्हणाल्या. "विमानाचा कुठं सांगतला? हुशार हाये पोट्टी." आणि माझ्या पानात आणखी एक वडा वाढला.

पुढे त्यांचे गुडघे गेले. इतकी वर्षं दिवसातून असंख्य वेळा जिना चढलेले गुडघे. ऑपरेशन झालं, व्यायाम मीच करून घेतले, त्या मला शिव्या देत चालायलाही लागल्या, पण डॉक्टरांनी जिना बंद केला. मुलगी त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, नंदनवनला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. तिथं लिफ्ट होती. खालचं घर भाड्यानं दिलं. मी आणखी काही दिवस वर राहिले, मग माझंही लग्न झालं आणि ती वस्ती सुटली.

गेल्या महिन्यात त्यांना भेटायला गेले. मुलीनं दार उघडलं ते तक्रार करतच. "तूच सांग तिले काही. सोसायटीची मीटिंग झाली आमच्यावर. तिकडं पाखरं हाकलते म्हणून भांडणं होती, इथं बोलावते म्हणून भांडणं हायेत. खालच्यांच्या कपड्यांवर सगळं पडते. ऐकत नाही."

काकू गॅलरीत होत्या. स्टुलावर बसलेल्या, अंगात तसाच गाऊन, मांडीवर भाताचं पातेलं. कठड्यावर, ग्रिलवर, कुंड्यांमध्ये सगळीकडे पाखरं. कबुतरं, चिमण्या, साळुंक्या, एक कावळा तर पातेल्याच्या काठावरच बसलेला. मला पाहून त्या इतक्या हसल्या की गाल वर गेले. हात धरून जवळच्या वेताच्या मोढ्यावर बसवलं. नवऱ्याची, सासूची, नोकरीची चौकशी केली. सगळी वाक्यं पूर्ण होत होती. मला कसंसंच वाटत होतं.

"काकू, एकदा गाडी घेऊन येते," मी म्हटलं. "आपण जुन्या घरी जाऊ. जिना नको चढायला. खाली अंगणात खुर्ची टाकू, तिथूनही दिसतात विमानं."

त्यांनी थोडा विचार केला. "नको वं. पाहून आली तं इथं करमनार नाई. आनि इथंच राहाचं हाये आता." मग पातेल्यातला भात मुठीनं घेऊन माझ्या हातावर ठेवला. गरम होता, मुद्दाम पाखरांसाठी केलेला.

मी तो तसाच धरून बसले. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर एक शीत उघड्यावर टाकलं नव्हतं. माझी मूठ उघडेना. काकूंच्या ते लक्षात आलं.

"टाक ना पोरी," त्या म्हणाल्या. "भेऊ नको. इथं वर कोनी नाई."

मी वर पाहिलं. मग मूठ उघडली.